सोमवार, बुधवार, शुक्रवार

आपल्या धर्मग्रामात कोणी आजारी पडले, तर ती बातमी फार काळ घरात राहत नाही. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात एकाच्या गुडघ्याची, दुसऱ्याच्या साखरेची, तिसरीच्या केमोथेरपीची चौकशी होते. कोणी चांगल्या डॉक्टरांचे नाव सुचवितो, कोणी प्रार्थनेचे आश्वासन देते, कोणी दुसऱ्या दिवशी शहाळी घेऊन दारात उभा राहतो. दुःख वाटून घेण्याची ही रीत आपल्या वाडवडिलांनी घालून दिली आणि ती आपण अजून टिकवून धरली आहे. मात्र एक आजार असा आहे, की तो ज्या घरात शिरतो त्या घराची दारे-खिडक्या आतून बंद होतात. त्याची चौकशी कोणी करीत नाही. होते ती केवळ कुजबुज. गर्दचे व्यसन हा तो आजार.

आमच्या घरात तो सात वर्षे वस्तीला होता. या लेखात 'आम्ही' म्हणजे आमचे अख्खे घर. आई, आम्ही दोघे पतिपत्नी आणि आमची मोठी बहीण. ज्याच्याविषयी लिहीत आहोत तो आमचा धाकटा भाऊ. त्याने हा मजकूर वाचला आहे, दोन ठिकाणी दुरुस्त्या सुचविल्या आहेत आणि छापण्यास संमती दिली आहे. नाव देऊ नये एवढीच त्याची अट होती. ती आम्ही पाळीत आहोत.

लिहिण्याचे कारण असे. व्यसनमुक्तीविषयी आपल्या नियतकालिकांतून पुष्कळ लिहून आले आहे. परंतु त्यातील बहुतेक लेखन एक तर व्यसनाच्या भीषणतेविषयी असते, किंवा एखाद्या क्षणी झालेल्या हृदयपरिवर्तनाविषयी. या दोहोंच्या मधला जो प्रदीर्घ काळ असतो, ज्यात कुटुंबाला दररोज काही तरी साधे काम नेमाने करावे लागते, त्याविषयी आम्हांला फारसे वाचावयास मिळाले नाही. त्या काळात आमच्या हाताशी एक औषध होते. ते काय करते आणि काय करू शकत नाही, हे जसे उमगले तसे सांगावे, एवढाच हेतू आहे.

मुंबईला गर्द, म्हणजेच ब्राऊन शुगर, परिचित झाली ती १९८०च्या दशकात. अनिल अवचट यांचे 'गर्द' हे पुस्तक त्या काळात अनेक मराठी घरांत वाचले गेले. १९८६ साली पुण्यात डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. त्याच्याही आधी, १९८१ साली, फादर जो परेरा यांनी मुंबईत कृपा फाउंडेशनची स्थापना केली होती आणि पुढे योगसाधनेची जोड देऊन हजारो व्यसनी माणसांना आधार दिला. हे सारे ऐकून-वाचून आम्हांलाही ठाऊक होते. पण ते दुसऱ्यांविषयी होते. गर्दुल्ला म्हटला की रेल्वेच्या पुलाखाली पन्नी ओढीत बसलेला, अंगावर चिंध्या असलेला माणूस आमच्या डोळ्यांपुढे येई. इस्त्रीचा सदरा घालून सकाळची विरार-चर्चगेट लोकल पकडणारा, कॉयरमध्ये गाणारा आपला भाऊ त्या चित्रात कोठे बसतच नव्हता.

तो एका मालवाहतुकीच्या कंपनीत रात्रपाळीला असे. जागरण सोसावे म्हणून सोबत्यांनी दिलेल्या एका पुडीपासून आरंभ झाला. पुढील गोष्ट अशा सर्व घरांत सारखीच असते, म्हणून ती लांबवीत नाही. पगार पुरेनासा झाला, आईच्या दोन पाटल्या नाहीशा झाल्या, नोकरी गेली. तीन वेळा तो उपचार केंद्रात राहिला. तिन्ही वेळा चेहरा भरून, वजन वाढवून परत आला आणि तिन्ही वेळा चार-सहा महिन्यांत त्याच वाटेला लागला. केंद्रातील माणसे निष्ठावान होती. तेथे तो बराही असे. अडचण घरी परतल्यावर सुरू होई. स्टेशनच्या वाटेवर जुना सोबती भेटे, खिशात पैसे असत आणि मनाचा निर्धार टिकावयास जेवढा वेळ लागतो त्याहून पुडी मिळावयास लागणारा वेळ कमी असे.

तिसऱ्या खेपेनंतर एका मनोविकारतज्ज्ञांनी आम्हां सर्वांना एकत्र बसवून नाल्ट्रेक्सोन या औषधाची माहिती दिली. ते जे बोलले आणि पुढे आम्ही जे वाचले, ते आमच्या शब्दांत मांडतो.

अफूच्या बोंडाच्या चिकातून मॉर्फिन वेगळे करण्यात आले ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. त्यापासूनच पुढे हेरॉइन तयार झाले. १८९८ साली ते खोकल्यावरील औषध म्हणून बाजारात आले होते, हे आज वाचताना नवल वाटते. गर्द हे त्याच हेरॉइनचे ओबडधोबड, भेसळयुक्त रूप. हे पदार्थ मेंदूवर इतका विलक्षण अंमल कसा गाजवितात, हे कोडे १९७३ साली बऱ्याच अंशी सुटले. अमेरिकेत कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी दाखवून दिले, की मेंदूतील पेशींवर अफूजन्य द्रव्यांसाठी जणू कुलुपेच बसविलेली आहेत. किल्ली कुलपात जावी तसे हे द्रव्य तेथे जाऊन बसते. निसर्गाने ही कुलुपे अफूसाठी अर्थातच केलेली नाहीत. शरीर स्वतःही वेदना शमविणारी तशीच द्रव्ये तयार करते, हे दोन वर्षांनी स्कॉटलंडमधील अबर्डीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टर्लिट्झ यांनी सिद्ध केले. बाहेरून येणारी बनावट किल्ली त्या नैसर्गिक व्यवस्थेचा ताबा घेते, मग शरीर तिच्याविना चालेनासे होते.

नाल्ट्रेक्सोन ही अशी किल्ली आहे, की ती कुलपात घट्ट बसते, पण फिरत नाही. ती नशा देत नाही, तिची सवय लागत नाही आणि ती आत असेतोवर दुसऱ्या किल्लीला जागा राहत नाही. गोळी घेतलेल्या माणसाने गर्द ओढली, तरी त्याला अपेक्षित सुख मिळत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८४ साली अफूच्या व्यसनावरील उपचारासाठी या औषधाला मान्यता दिली. १९९४ साली दारूच्या व्यसनासाठीही दिली. आपल्या देशातही ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते.

हे ऐकून आमची बहीण म्हणाली, "मग आजच द्या ना गोळी, डॉक्टर. आणखी किती दिवस वाट पाहायची?"

डॉक्टरांनी मान हलविली. ज्याच्या शरीरात गर्द अजून आहे त्याला ही गोळी दिली, तर ती सर्व कुलपांतील किल्ल्या एका झटक्यात बाहेर ढकलते. व्यसनी मंडळी ज्याला 'टर्की' म्हणतात ती अवस्था, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात पिळवटणे, उलट्या, जुलाब, हाडे मोडल्यासारखी वेदना, हे सारे मग हळूहळू न येता अर्ध्या तासात तीव्रतेने कोसळते आणि रुग्णालयात न्यावे लागू शकते. म्हणून गर्द सोडल्यावर सात ते दहा दिवस पूर्णपणे कोरडे जावे लागतात. मेथाडोनसारख्या दीर्घकाळ टिकणाऱ्या द्रव्याच्या बाबतीत त्याहून अधिक. त्यानंतर लघवीची तपासणी, यकृताची तपासणी आणि मग पहिली गोळी. कोणाच्या सांगण्यावरून परस्पर दुकानातून आणून द्यावी, अशी ही गोळी नव्हे. हे एक वाक्य वाचकांनी विसरू नये.

ते दहा दिवस त्याने केंद्रात काढले. अकराव्या दिवशी तेथेच अर्ध्या गोळीने प्रारंभ झाला. पहिला आठवडा मळमळ व डोकेदुखीत गेला. मग घरी येताना डॉक्टरांनी वेळापत्रक लिहून दिले. दररोज पन्नास मिलिग्रॅमची एक गोळी घेता येते. अथवा आठवड्यातून तीन दिवस, सोमवारी १००, बुधवारी १०० आणि शुक्रवारी १५० मिलिग्रॅम. दोहोंची बेरीज एकच. आम्ही तीन दिवसांचा क्रम निवडला, कारण देणाऱ्याला व घेणाऱ्याला मधले दिवस मोकळे मिळतात.

येथून पुढे औषधाची गोष्ट संपते आणि घराची सुरू होते. गोळीचे सामर्थ्य आणि तिचे दौर्बल्य एकाच जागी आहे. ती घेतली तर नशा होत नाही, हे घेणाऱ्याला ठाऊक असते. त्यामुळे ज्या दिवशी मन ढळते, त्या दिवशी तो गर्द घेण्याऐवजी आधी गोळी चुकवितो. पहिल्या आठवड्यातच त्याने आपण होऊन सांगितले, "दादा, गोळ्यांची पट्टी माझ्याकडे ठेवू नका. मला माझी खात्री नाही. वहिनीकडे असू दे."

तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सात वाजता त्याची वहिनी पाण्याचा पेला व गोळ्या घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहू लागली. तिसऱ्या आठवड्यात एक प्रसंग घडला. आमची बहीण त्या दिवशी मुक्कामाला होती. त्याने गोळ्या गिळल्यावर ती म्हणाली, "तोंड उघड. जीभ वर कर. बघू दे." तो क्षणभर स्तब्ध राहिला. मग पेला खाली ठेवून म्हणाला, "ताई, मी चोर आहे हे मला माहीत आहे. रोज सकाळी सांगायची गरज नाही." आणि निघून गेला. बहिणीच्या डोळ्यांत पाणी होते. तिच्या मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे त्यानेच नेले होते. तिने विश्वास ठेवावा तरी कसा? आणि दररोज संशयाच्या नजरेखाली माणसाने उभे राहावे तरी कसे? दोघांचेही म्हणणे खरे होते.

त्या सायंकाळी वाट काढली ती त्याच्या वहिनीने. समुपदेशकांनी पूर्वी सुचविल्याप्रमाणे तिने एक कागद पुढे ठेवला आणि सर्वांनी मिळून त्यावर करार लिहिला. गोळी कोण देणार, किती वाजता देणार. ती नसेल तेव्हा आई देणार. गोळी घेतल्यावर तो पाच मिनिटे तेथेच बसून चहा घेणार. त्या पाच मिनिटांत पैशांविषयी, भूतकाळाविषयी, नोकरीविषयी कोणी एक अक्षर काढावयाचे नाही. गोळी चुकली तर घरात आरडाओरडा करावयाचा नाही, पण त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावयाचे. खाली सर्वांच्या सह्या. आईने थरथरत्या हाताने आपली सही केली. चहा घोटाघोटाने पिणाऱ्या माणसाच्या जिभेखाली गोळी लपत नाही, हे त्यालाही कळत होते आणि ताईलाही. परंतु तोंड उघडण्याचा हुकूम आणि चहाचा कप यांत जे अंतर आहे, त्यानेच पुढील दोन वर्षे निभावून नेली.

या औषधाविषयी जी कटू सत्ये आहेत ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही. जगभरातील अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर असे दिसून आले आहे, की नुसती गोळी लिहून देऊन माणसाला घरी पाठविले, तर बहुतेक जण ती लवकरच सोडून देतात आणि मग नकली गोळी व खरी गोळी यांत फारसा फरक उरत नाही. रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे येव्गेनी क्रुपित्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मात्र निराळा अनुभव आला. तेथे खरी गोळी घेणारे लक्षणीय प्रमाणात अधिक काळ टिकले. त्याचे जे एक कारण सांगितले जाते ते आम्हांला विशेष वाटले. तेथील तरुण रुग्ण बहुधा आईवडिलांसोबत राहत आणि गोळी हातावर ठेवणारे कोणी तरी घरात असे. एकत्र कुटुंबात वाढलेल्या आपल्या लोकांना यातला अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

गोळी चुकविण्याचा प्रश्न सुटावा म्हणून महिन्यातून एकदा देण्याचे इंजेक्शनही निघाले आहे. अमेरिकेत २०१० साली त्याला अफूच्या व्यसनासाठी मान्यता मिळाली. शिवाय दुसऱ्या प्रकारची औषधे आहेत. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही कुलपात बसून किल्ली पूर्णपणे अथवा थोडीशी फिरवितात, त्यामुळे तडफड थांबते आणि माणूस कामाला लागू शकतो. ब्युप्रेनॉर्फिन आपल्याकडे अनेक वर्षे दिले जात आहे. मेथाडोन २०१२ साली आले. 'एक नशा सोडून दुसरी लावली,' असे म्हणून या औषधांना नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. परंतु मृत्यू टाळण्याच्या बाबतीत त्यांच्या बाजूचा पुरावा नाल्ट्रेक्सोनपेक्षा भक्कम आहे. अमेरिकेत ५७० रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत असे आढळले, की इंजेक्शन सुरू होईपर्यंतचे कोरडे दिवस काढताना चौथ्या हिश्शाहून अधिक माणसे गळतात. एकदा ते सुरू झाले, की दोन्ही उपचार जवळजवळ सारखेच ठरतात. आमच्या भावाला नाल्ट्रेक्सोन दिले, कारण ते कोरडे दिवस केंद्रात पार पडले होते, घरात माणसे होती आणि त्याची स्वतःची तशी इच्छा होती. दुसऱ्या घराला दुसरे औषध लागू पडेल. ते डॉक्टरांनी ठरवावयाचे असते, शेजाऱ्यांनी नव्हे.

आता सर्वांत कठीण प्रसंग. उपचाराच्या आठव्या महिन्यात त्याला एका ओळखीच्या कंत्राटदाराकडे परगावी दहा दिवसांचे काम मिळाले. दीड वर्षात पहिली कमाई होणार, म्हणून घरात आनंद होता. डॉक्टरांच्या अनुमतीने गोळ्या त्याच्या पिशवीत दिल्या. अकराव्या दिवशी रात्री तो परतला. जेवला नाही. ओटीवर बसून राहिला. मग पिशवीतून पट्टी काढून समोर ठेवली. पहिल्या सोमवारची गोळी तेवढी घेतलेली होती.

"दोनदा घेतली," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा घेतली तेव्हा मला काही कळेना. सोबत्याने पाणी मारून उठवलं. ओठ निळे पडले होते म्हणे."

आई हातात जपमाळ घेऊन बसली होती. ती तशीच राहिली. त्याच क्षणी उरलेल्या गोळ्या देऊन टाकाव्यात, असा विचार कोणाच्याही मनात यावा. पण कराराप्रमाणे आम्ही डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आज गोळी नको, उद्या सकाळी त्याला घेऊन या, आणि रात्री त्याला एकटा झोपू देऊ नका. दुसऱ्या दिवशी त्यांनी सर्व समजावून सांगितले. गर्दपासून इतके महिने दूर राहिलेल्या शरीराला पूर्वीची मात्रा सोसत नाही. पूर्वी ज्या पुडीने त्याला नुसते बरे वाटे, तीच आता श्वास थांबवू शकते. गोळी चालू असताना तिच्यावर मात करण्यासाठी भरमसाट गर्द घेणे जितके धोक्याचे, तितकेच गोळी सोडल्यावर जुन्या मापाने घेणेही धोक्याचे. श्वास मंदावलेल्या माणसाला वाचविणारे नॅलोक्सोन नावाचे औषध असते. ते वेळेत मिळाले पाहिजे, म्हणून रुग्णालय गाठण्यात लाजेपायी एक मिनिटही दवडू नये.

भाऊ त्या रात्री गेला असता, तर आम्ही गावात काय सांगितले असते, हा विचार आजही अंगावर काटा आणतो. हृदयविकार म्हणून सांगितले असते, कदाचित. अशी किती हृदये आपल्या कबरस्थानात विसावली असतील?

पुन्हा केंद्र, पुन्हा कोरडे दिवस, पुन्हा तपासणी, पुन्हा अर्धी गोळी. कराराच्या कागदावर एक ओळ वाढली, ती त्याने स्वतः लिहिली. पहिली दोन वर्षे परगावचे काम घ्यावयाचे नाही.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात तो स्कूटरवरून घसरला आणि मनगट मोडले. त्या वेळी आणखी एक गोष्ट उपयोगी पडली. नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्याला मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामके लागू पडत नाहीत. म्हणून त्याच्या पाकिटात तसे लिहिलेले एक कार्ड सदैव असे. ते पाहून भूलतज्ज्ञांनी हात बधिर करणारे इंजेक्शन देऊन हाड बसविले. नियोजित शस्त्रक्रिया असेल तर गोळी काही दिवस आधी थांबवावी लागते. कार्ड दाखविताना त्याची मान खाली होती. डॉक्टर एवढेच म्हणाले, "बरं झालं, सांगितलंत." असे सहज उद्गार आजारी माणसाला किती उंच करून सोडतात!

गोळीने काय केले नाही, तेही सांगितले पाहिजे. तिने संध्याकाळचे रितेपण भरून काढले नाही. देणी फेडली नाहीत. बहिणीचे मन जोडले नाही. ते जोडले त्याने महिन्याकाठी तिच्या हातावर ठेवलेल्या पैशांनी, आणि त्याला चार वर्षे लागली. आठवड्याची समूहसभा, समुपदेशकांशी बोलणे, वाडीतील केळी आणि भाजीचे काम, हे सारे नसते तर कुलपात बसलेली किल्ली निरुपयोगी ठरली असती. आपल्या खाडीकाठच्या शेतकऱ्यांना हे चटकन उमजेल. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून आपण बांध घालतो. बांध घातला म्हणजे त्याच वर्षी भात पिकत नाही. जमिनीत मुरलेले मीठ पावसाच्या पाण्याने वर्षानुवर्षे धुऊन निघावे लागते. पण बांधच नसेल, तर पाऊस कितीही पडला तरी पुढची भरती सर्व काही पूर्ववत करते. नाल्ट्रेक्सोन हा आमच्या घरचा बांध होता. पाऊस दुसरीकडून आला.

त्या काळात एका हितचिंतकांनी आम्हांला विचारले, "प्रार्थनेने जे होते त्यासाठी गोळी कशाला? श्रद्धा कमी पडते असे नाही का होत?" प्रश्न प्रांजळ होता. आमच्या आईने त्याला उत्तर दिले. ती म्हणाली, "मी साखरेची गोळी घेते आणि माळही म्हणते. तेव्हा कोणी मला असं विचारलं नाही." बेनसिराच्या ग्रंथाच्या अडतिसाव्या अध्यायात वैद्याचा मान राखावा, औषध धरतीतून देवानेच उपजविले आहे, अशा आशयाचा उपदेश आहे. आईने तो अध्याय वाचला होता की नाही, आम्ही विचारले नाही.

गोळ्या एकूण दोन वर्षे चालल्या. मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबविल्या. त्याला आता चार वर्षे होत आली. तो बरा आहे, असे आम्ही म्हणतो. 'कायमचा बरा झाला' असे तोही म्हणत नाही. समूहसभेला अजून जातो. कॉयरमध्ये परत गेलेला नाही. त्याला वाटेल तेव्हा जाईल.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्स संस्थेने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे २ कोटी २६ लक्ष माणसे अफूजन्य पदार्थांचे सेवन करतात आणि त्यांपैकी सुमारे ७७ लक्ष लोकांना मदतीची गरज आहे. एवढ्या मोठ्या संख्येत आपल्या धर्मग्रामातील एकही घर नसेल, असे मानणे भाबडेपणाचे होईल. त्या घरांना आम्ही सांगू इच्छितो, की उपचार आहेत, ते एकाहून अधिक आहेत आणि एका उपचाराने अपयश आले म्हणून माणूस संपला असे होत नाही. कोणाशी बोलावे हे कळत नसेल, तर शासनाची १४४४६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. आणि कायद्याच्या भीतीने जे गप्प बसतात त्यांनी हेही जाणून घ्यावे, की अमली पदार्थांविषयीच्या १९८५च्या कायद्यातच, स्वेच्छेने उपचारासाठी पुढे येणाऱ्या व्यसनी व्यक्तीला काही अटींवर खटल्यापासून संरक्षण देणारे कलम आहे.

इतर घरांकडे आमचे एवढेच मागणे आहे. लघु ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते, तेव्हा या आजाऱ्यांचाही उल्लेख व्हावा. महिन्यातून एक सायंकाळ चर्चच्या सभागृहातील एखादी खोली अशा कुटुंबांना एकत्र बसावयास मिळावी. आणि ज्याच्या घरी कोणी सकाळी सात वाजता पाण्याचा पेला घेऊन उभी असेल, तिला वाटेत भेटल्यावर थांबवून विचारावे, "आज घेतली ना त्याने गोळी?" हा प्रश्न चौकशीच्या सुरात नव्हे, तर गुडघ्याची चौकशी करतो त्या सुरात विचारावा. तिला उत्तर देताना रडू येईल कदाचित. त्याला हरकत नाही.